घरातील मुंग्यांची रांग: उपाय कोणते, आणि मुंग्या अशा का वागतात?

शेवंती
नमस्कार. आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. पावसाळा सुरू झाल्यापासून स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पाण्याच्या पिंपामागून आणि देवघराच्या कडेने बारीक मुंग्यांच्या रांगा सतत येत आहेत. रात्री ओटा स्वच्छ पुसलेला असतो, साखर आणि गूळ घट्ट झाकणांच्या डब्यांत असतात, तरीही सकाळी रांग हजर असते. फवारा मारला की काही दिवस शांतता मिळते आणि मग एका रांगेच्या जागी दोन दिसू लागतात. घरात रांगते बाळ असल्यामुळे तीव्र औषधे वापरण्याचे धाडस होत नाही. टिकाऊ उपाय कोणता, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की फवारल्यानंतर मुंग्या कमी होण्याऐवजी नव्या ठिकाणी का दिसतात? ज्यांनी हा विषय बारकाईने पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सुगरण
रांगेवर हळद टाका आणि साखरेच्या डब्यात चार लवंगा ठेवा. आमच्याकडे वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे.

रेखांश
कीटकनाशक खडूने ओट्याभोवती रेघ ओढून ठेवावी. स्वस्त आणि सोपा उपाय आहे.

कीटकमित्र
शेवंतीताई, आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे.

आपल्याला ओट्यावर दिसतात त्या मुंग्या म्हणजे वसाहतीचा एक लहान हिस्सा असतो. अन्न शोधण्यासाठी बाहेर पडण्याचे काम बहुधा वयाने मोठ्या झालेल्या कामकरी मुंग्या करतात. राणी, अंडी, अळ्या, कोश आणि त्यांची देखभाल करणाऱ्या तरुण कामकरी मुंग्या आतच असतात. म्हणून दिसणारी संपूर्ण रांग मारली तरी राणीला त्याची झळ पोहोचत नाही आणि ती अंडी घालतच राहते.

आता फवाऱ्याविषयी. सर्वसाधारण मुंग्यांच्या वसाहतीत एक राणी असते असे आपण शाळेत वाचलेले असते, परंतु शहरी घरांत सर्वाधिक त्रास देणाऱ्या दोन बारीक जातींमध्ये अनेक राण्या एकत्र नांदतात. पहिली फॅरो मुंगी: सुमारे २ मिलिमीटर लांबीची, फिकट पिवळसर. दुसरी घोस्ट मुंगी: तिचे डोके काळपट आणि पोट जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे पांढऱ्या फरशीवर ती अर्धीच दिसते. अशा वसाहतीच्या वाटेवर झोंबणारे रसायन फवारले की एखादी राणी, मूठभर कामकरी आणि काही अळ्या असा गट वेगळा होऊन नव्या भेगेत बिऱ्हाड थाटतो. फॅरो मुंग्यांबाबत तर हे चांगलेच अभ्यासले गेलेले आहे. आपल्याकडे एका रांगेच्या दोन झाल्या, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून सर्वप्रथम मुंगी ओळखा. भिंगातून पाहा, आणि एखादी बोटाने चिरडून वास घ्या. खवट खोबऱ्यासारखा वास आला तर ती घोस्ट मुंगी समजावी.

गच्चीबाग
कीटकमित्र, फार उपयुक्त माहिती. माझ्या अनुभवाची भर घालतो. आमच्या घरात मुंग्या येत होत्या त्या स्वयंपाकघरासाठी नव्हेच. बाल्कनीतील जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि पिठ्या ढेकूण पडले होते. हे किडे झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकट द्रव बाहेर टाकतात. मुंग्या तो पितात आणि बदल्यात या किड्यांचे त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांपासून संरक्षण करतात. कुंडीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत त्यांची पक्की वाट तयार झाली होती आणि ओट्यावर येणाऱ्या मुंग्या हा त्याच वाटेचा फाटा होता. जास्वंदीचे शेंडे छाटले, उरलेल्या फांद्यांवर साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारला, तेव्हा घरातील वर्दळ आपोआप उतरली. ज्यांच्याकडे कुंड्या आहेत त्यांनी पानांची खालची बाजू अवश्य तपासावी. पाने हाताला चिकट लागली तर मूळ तेथे आहे.

जुनावाडा
आमच्या वाड्यात दुधादुभत्याचे जाळीचे कपाट असे आणि त्याच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या दगडी वाट्या असत. मुंगी पाणी ओलांडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळे दूध, तूप, लोणी सुरक्षित राहत असे. गणपतीत नैवेद्याचे ताट परातीतील पाण्यात ठेवण्याची पद्धतही त्यातलीच. आजच्या ओट्याला पाय नसले तरी गुळाची ढेप, मधाची बाटली, मिठाईचा डबा परातीत ठेवता येतो. आजचे लोक प्रत्येक गोष्टीवर औषध शोधतात आणि साधी युक्ती विसरतात, याचे मला वाईट वाटते.

डॉनिरामय
जुनावाडाकाका, युक्ती उत्तम आहे, परंतु एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य समजते. घरात साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास अंडी घालतात, आणि अनुकूल हवामानात सात ते दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण डास तयार होतो. म्हणून अशा वाट्यांतील पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून, वाटीची कड घासून ती पुन्हा भरावी, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. पाण्यात साबणाचा थेंब टाकल्यास आणखी एक लाभ होतो: पाण्यावर धूळ साचून साय धरली की बारीक मुंग्या तिच्यावरून चालत जातात, साबणाच्या पाण्यात मात्र त्या बुडतात.

खडूविषयीही लिहिते. असे खडू पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकाचे असतात. रांगते बाळ जमिनीवरची रेघ हाताने पुसते आणि तोच हात तोंडात घालते. शेवंतीताईंच्या घरी खडू वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेखांश
डॉक्टर, आपला मुद्दा मान्य आहे. बाळाचा उल्लेख ध्यानात घेता खडू येथे योग्य नाही. परंतु हळद आणि लवंग यांनी काय साधते, हेही कोणीतरी सांगावे.

कीटकमित्र
रेखांश, ते सांगण्यासाठी आधी रांग कशी बनते ते पाहावे लागेल.

अन्न सापडलेली मुंगी परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवत जाते आणि गंधद्रव्याचा अतिसूक्ष्म माग सोडते. मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की चावऱ्या लाल मुंगीच्या पोटातील एका विशिष्ट ग्रंथीचा अर्क काचेवर ओढला, तर अन्न नसतानाही मुंग्या त्या रेषेवरून निमूटपणे चालू लागतात. मागावरून येणारी प्रत्येक मुंगी अन्न मिळाल्यास परतताना तो गंध अधिक गडद करते. अन्न संपले की कोणी गंध घालत नाही आणि माग विरून जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुसेल्सच्या संशोधकांनी वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन पूल ठेवले, एक आखूड आणि एक लांब. थोड्याच वेळात बहुतेक मुंग्या आखूड पुलावरून जाऊ लागल्या. त्यांना अंतर मोजता येते म्हणून असे घडले नाही. आखूड पुलावरून फेऱ्या लवकर पूर्ण होतात, त्यामुळे तेथील गंध आधी गडद होतो आणि पुढच्या मुंग्या तिकडे ओढल्या जातात. रांगेला कोणी नायक नसतो, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

हळद हा माग तात्पुरता झाकते आणि पायांखाली भुकटीचा अडथळा उभा करते. मुंग्या वळसा घालून नवा माग आखतात. लवंगेच्या तीव्र गंधाने डब्यापुरते रक्षण होऊ शकते. दोन्ही गोष्टी निरुपद्रवी आहेत, पण वसाहतीवर त्यांचा परिणाम होत नाही. त्यापेक्षा साबणाच्या पाण्याने, किंवा पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन, रांग जेथून घरात शिरते तेथपर्यंत पुसून काढावी. केवळ ओटा पुसला आणि भिंतीवरचा माग तसाच राहिला, तर सकाळी रांग पुन्हा उभी राहते. व्हिनेगर संगमरवरी ओट्यावर मात्र वापरू नये, दगडाची झिलई जाते.

वारीचावारकरी
मला या चर्चेत एक वेगळा विचार मांडायचा आहे. मुंग्यांना वारुळापाशी साखर घालणे हे आपल्याकडे पुण्याचे काम मानले गेले आहे आणि माझे आजोबा रोज सकाळी पिंपळाखाली मूठभर पीठसाखर घालत असत. घरात आलेल्या मुंग्यांना मारण्याऐवजी वाट बंद करणे एवढेच आपण करावे. खिडकीची चौकट, नळाच्या पाइपभोवतीची फट, लाद्यांमधील भेग पांढऱ्या सिमेंटने बुजवली, अन्न झाकले, ओल पुसली, की मुंग्या स्वतःहून दुसरीकडे जातात. मी हे इतके मनापासून मानतो की आमच्या घरात मुंग्यांचे औषध येतच नाही.

सॅनहोजेकर
वारकरीबुवा, आपल्या भावनेचा आदर आहे, पण ते सगळीकडे साधत नाही. कॅलिफोर्नियात आमच्या घराभोवती अर्जेंटिनी मुंग्या आहेत. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही जात येथे इतकी पसरली आहे की दूरदूरच्या वारुळांतील मुंग्याही एकमेकींशी भांडत नाहीत, सर्व मिळून एकच महावसाहत असल्यासारख्या वागतात. हिवाळ्यातील पहिला पाऊस पडला की त्यांची वारुळे भिजतात आणि त्या एका रात्रीत घरात शिरतात. कडक उन्हाळ्यात त्या पाण्यासाठी येतात. एक फट बुजवली की पन्नास शोधतात. येथे विष मिसळलेले आमिष ठेवण्यावाचून मार्ग नाही.

वारीचावारकरी
आपल्या प्रदेशाची अडचण समजली. परंतु घरात औषध ठेवण्यापूर्वी निदान फटी बुजवून पाहाव्यात, हा माझा आग्रह कायम आहे.

डॉनिरामय
दोन्ही मतांना स्थान आहे. लाल चावरी मुंगी बाळाच्या अंथरुणापर्यंत येत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. तिच्या दंशाने पुरळ येतात, आणि क्वचित एखाद्याला तीव्र अॅलर्जी होऊन श्वासाचा त्रास होऊ शकतो. काळा डोंगळा चावतो तेव्हा डंख नसतो, तो जबड्याने चिमटा घेऊन त्यावर फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून आग होते पण बहुधा लवकर शमते.

मालवणीमाड
डोंगळ्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या गावच्या घरात डोंगळे लाकडी वाशांवर फिरतात. ते लाकूड पोखरतात का? आणि काजूच्या झाडावरचे हुमले काढून टाकावेत का? गडीमाणसे झाडावर चढायला तयार होत नाहीत.

कीटकमित्र
आपल्याकडचा नेहमीचा काळा डोंगळा बहुतेककरून जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी घर करतो. वाशांवर तो अन्नाच्या शोधात फिरतो. लाकूड खाणारी ती वाळवी, आणि वाळवी मुंग्यांच्या कुळातील नव्हे, झुरळांच्या जवळची आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले कीटक जमतात, तेव्हा नीट पाहा: कमर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर त्या मुंग्या, कमर सरळ, मिशा सरळ आणि चारही पंख सारखे असतील तर वाळवी. घराच्या आतून, भिंतीतून किंवा चौकटीतून दुसरा प्रकार बाहेर पडत असेल तर लाकूड तातडीने तपासून घ्या. पंखवाल्या मुंग्यांची चिंता नको, तो त्यांच्या मीलनाचा काळ असतो. नर त्यानंतर लवकरच मरतात. राणी पंख गाळते, आणि कित्येक जातींमध्ये उडण्यासाठीचे स्नायू शरीरातच विरघळवून त्यावर पहिली पिल्ले पोसते.

हुमले मात्र राहू द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाने शिवून घरटी करणाऱ्या या मुंग्या काजूच्या मोहोराचा रस शोषणाऱ्या ढेकण्यांना पळवून लावतात. काजू वेचताना त्रास होतो हे खरे, पण ते झाडाचे राखणदार आहेत.

मालवणीमाड
आभारी आहे. हुमल्यांना हात लावत नाही.

सॅनहोजेकर
मूळ प्रश्नाकडे येतो. आमिष कसे करावे ते लिहितो. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर, म्हणजे साधारण अडीच चहाचे चमचे, आणि १ ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे सपाट पाव चमचा, पूर्ण विरघळवावी. भारतात औषधांच्या दुकानात मिळते तीच पावडर. कॅरम खेळताना पटावर टाकतात तीही बहुधा हीच असते. प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा. आमिष कडक झाले तर मुंग्या ते सोडून जातात, किंवा वारुळात पोहोचण्याआधीच मरतात. मुंगी ते पिऊन घरी गेली पाहिजे आणि तिने ते तोंडातून तोंडात इतरांना भरवले पाहिजे. राणीपर्यंत विष पोहोचण्याचा तेवढाच मार्ग आहे.

डॉनिरामय
बोरिक पावडर पोटात गेल्यास बाळाला उलट्या आणि झटकेही येऊ शकतात, खरचटलेल्या त्वचेतूनही ती शरीरात शिरते. तेव्हा आमिष झाकणबंद डबीत, बाजूंना बारीक भोके पाडून, बाळाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावे, आणि उरलेल्या बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती कुलपात ठेवावी. साखरेच्या पाण्यासारखे दिसणारे द्रव स्वयंपाकघरात उघडे राहता कामा नये.

मधुराच
आमच्याकडे असे गोड आमिष ठेवले होते, पण मुंग्यांनी त्याकडे पाहिलेही नाही आणि तेलकट कढईवर मात्र गर्दी केली. असे का व्हावे?

कीटकमित्र
मधुराताई, वसाहतीची गरज बदलत असते. प्रौढ कामकरी मुंगीला धावपळीसाठी साखर पुरते. घन अन्नाचा कण तिला गिळता येत नाही, ती फक्त द्रव शोषते. अळ्यांना वाढीसाठी प्रथिने लागतात, आणि पुष्कळ जातींमध्ये घन अन्न पचवण्याचे कामही मोठ्या झालेल्या अळ्याच करतात. वारुळात अळ्यांची संख्या अधिक असेल तेव्हा मुंग्या तेल, दाण्याचा कूट, मेलेले झुरळ यांच्या मागे लागतात. फॅरो मुंग्यांत ही आवडनिवड वरचेवर बदलते. म्हणून आधी विष न घालता एका कागदावर साखरेच्या पाण्याचा थेंब आणि शेजारी तेलात कालवलेला दाण्याचा बारीक कूट ठेवून पाहावे. ज्यावर गर्दी जमेल त्यातच बोरिक पावडर घालावी, प्रमाण तेच, शंभराला एक.

आणखी दोन गोष्टी. आमिष ठेवल्यानंतर सुरुवातीला गर्दी वाढते. ते यशाचे लक्षण आहे, त्या वेळी पुसणे, फवारणे, फिनेल टाकणे सर्व थांबवावे. आणि रांग दिसेनाशी झाली तरी आमिष काही आठवडे बदलत ठेवावे, कारण कोशातील मुंग्या खात नाहीत. फॅरो मुंगीला अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण पाच-सहा आठवडे लागतात, त्यामुळे वाचलेले कोश उशिरा फुटतात.

जुनावाडा
पावसाआधी मुंग्या अंडी घेऊन वर चढतात, यावरून आम्ही पावसाचा अंदाज बांधत असू. त्यात तथ्य आहे ना?

कीटकमित्र
काका, जमिनीतील ओल आणि हवेतील दमटपणा मुंग्यांना चांगला जाणवतो, आणि वारूळ ओले होऊ लागले की त्या पिल्ले कोरड्या जागी हलवतात. मात्र अन्य कारणांनीही वारूळ हलते, म्हणून हंगामाचा अंदाज त्यावर बांधू नये. तोंडात धरलेल्या पांढऱ्या दाण्यांत अंडी थोडी आणि अळ्या व कोश अधिक असतात. अंडी इतकी लहान असतात की नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात.

शेवंती
सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

मुंगी तपासली. डोके काळे, पोट पारदर्शक, आणि चिरडल्यावर अगदी खवट खोबऱ्याचा वास. रांगेचा माग काढत गेले तेव्हा ती खिडकीच्या अॅल्युमिनियम चौकटीखालच्या फटीतून येत असल्याचे दिसले, आणि बाहेरच्या जाळीवर शेजारच्या कुंडीतील जास्वंदीची फांदी टेकलेली होती. शेजारच्या काकूंना विचारून ती छाटली; पानांखाली पिठ्या ढेकूण होतेच. मग डबीला भोके पाडून गोड आमिष खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ठेवले. मुंग्या थेंबाभोवती गोल बसून पीत होत्या आणि प्रत्येकीचे पोट फुगून काचेच्या मण्यासारखे चमकत होते. साखरेत खाण्याचा हिरवा रंग घातला होता, तो त्यांच्या पोटातून स्पष्ट दिसत होता, त्यामुळे कोणती मुंगी आमिष पिऊन कोणत्या फटीत शिरते ते ओळखता आले. ओट्यावरची आणि देवघराजवळची रांग आता उरलेली नाही.

हिरव्या पोटाच्या काही मुंग्या मात्र पिंपामागील विजेच्या स्विचबोर्डात शिरताना दिसल्या आणि तेथील ये-जा अजून चालू आहे. बोर्ड उघडावा का? आणि चौकटीखालची फट आताच बुजवावी का?

वायरिंगवाला
ताई, मी याच कामात आहे. भिंतीतून गेलेले वायरिंगचे पाइप कोरडे आणि उबदार असतात, एका खोलीतून दुसरीत जाण्याचा त्यांना तो आयता रस्ता मिळतो. बोर्डात फवारा कधीही मारू नका, द्रव आत गेल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते आणि अनेक फवारे ज्वालाग्राही असतात. स्विच दाबताना चरचर आवाज येत असेल तर संपर्कबिंदूंमध्ये मुंग्या अडकल्या असण्याची शक्यता आहे; मेन स्विच बंद करून वायरमनकडून बोर्ड साफ करून घ्या. आवाज नसेल तर उघडण्याची घाई नको.

कीटकमित्र
वायरिंगवाले यांचे म्हणणे योग्य आहे. बोर्डाच्या बाहेर, त्याच भिंतीवर उंच जागी दुसरी डबी लावा. त्या बोर्डातून येऊन तेच आमिष नेतील. फट आताच बुजवू नका. आतल्या मुंग्यांची वाट आमिषापासून तोडली तर त्या न्हाणीघरातून किंवा दुसऱ्या खोलीतून बाहेर पडतील. हिरव्या पोटाची एकही मुंगी दिसेनाशी झाली, आणि त्यानंतरही आमिषाच्या थेंबावर सलग आठवडाभर कोणी आले नाही, की आधी चौकट साबणाच्या पाण्याने पुसा आणि मग पांढरे सिमेंट भरा. वारकरीबुवांचा उपाय तेव्हा पुरेपूर लागू पडेल.